परसात पुरलेली बरणी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नव्वदच्या दशकात मी महाड भागात पोलीस निरीक्षक होतो. वीर स्टेशनवर रिक्षा चालवणारा एक जण ठाण्यात आला आणि म्हणाला, "साहेब, माझ्या बहिणीची पिशवी काढली. तवापासून लघवी थांबत नाय. तिच्या नवऱ्यानं माहेरी धाडली."

बहीण तिशीच्या आतली. पदरी एक मुलगी, दुसऱ्या मुलाची आस. सासर पोलादपूरच्या डोंगरात. झऱ्यावरून हंडे वाहून तिची कंबर धरायची, अंगावरून पांढरं जायचं. ती महाडच्या एका खाजगी डॉक्टरकडे गेली. ना तपासणी, ना औषध. "गर्भाशय काढा, नाहीतर कॅन्सर होईल," एवढंच सांगितलं. सासूनेही रुकार दिला. ऐन सणात सून बाजूला बसायची, ती कटकट जाणार होती! शस्त्रक्रियेत मूत्राशयाला इजा झाली. बिछाना ओला होऊ लागला, तेव्हा मुंबईत कामाला असलेल्या नवऱ्याने ठरवलं, हिला काहीतरी वाईट आजार आहे.

डॉक्टरला चौकशीला बोलावलं. चोराच्या उलट्या बोंबा. म्हणाला, "जीव वाचवला मी तिचा. रोग डोळ्यांनी पाहिलाय."

"मग काढलेलं गर्भाशय तपासणीला का नाही पाठवलं?"

"त्याची बरणी नातेवाइकांच्या हातात दिली. त्यांनी फेकली, त्याला मी काय करू?" आणि तो चक्क हसला.

ते हसू डोक्यात ठेवूनच मी सासूचा जबाब घ्यायला वाडीवर गेलो. बरणी कुठे फेकली, असं विचारताच म्हातारी चिडली. "फेकू कशी? अंगाचा भाग हाय तो. बाळंतिणीची वार पुरतो, तशी परसात पुरली."

डॉक्टरला आमची माणसं ठाऊकच नव्हती. पंच आणि सरकारी डॉक्टरांसमोर बरणी उकरली. झाकण घट्ट, औषधाचं पाणी शाबूत, वर तिच्या नावाची पट्टी. सील करून मुंबईला पाठवली. अहवाल आला: कोणताही आजार नाही. डॉक्टरला अटक केली, तेव्हा तो हसला नाही.

मी हे सांगायला तिच्या माहेरी गेलो, तर बाई म्हणाली, "साहेब, येवढं माझ्या मालकांना वाचून दाखवा. मला वाईट आजार नव्हता."

मी तिला, तिच्या मुलीला आणि भावाला घेऊन वाडीवर गेलो. नवरा मुंबईहून आला होता. अंगणात उभं राहून अहवाल मोठ्याने वाचला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "चांगली होती ना? पण आता नाय ना. मंग ही माझ्या काय कामाची?"

सासू खाली बघत राहिली. माझा हात शिवशिवला, पण अंगावर वर्दी होती. बाईने मुलीला कडेवर घेतलं आणि ती भावाबरोबर उतरणीला लागली.

पिशवी काढायला सांगितली तर आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारा, हे मी तेव्हापासून भेटेल त्या बाईला सांगत आलो. डॉक्टरसाठी माझ्याकडे कलम होतं. त्या अंगणासाठी मला ते कधीच सापडलं नाही.