मिक्सर बंद करणाऱ्या सिस्टर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गंगापूर रोडवरच्या एका बांधकामावर मी मजुरांची हजेरी लिहायचो. सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर दर बुधवारी तिथल्या पोरांना लस द्यायला यायच्या. बोलणं कायम चढ्या आवाजात. प्रत्येक वाक्यामागे "कळलं का?" विचारायच्या आणि समोरचा हो म्हणेपर्यंत हलायच्या नाहीत.

एका बुधवारी सुरगाण्याहून मजुरीला आलेली एक गरोदर बाई सुजलेल्या पायांनी घमेली वाहताना त्यांना दिसली.

"हिला आत्ता दवाखान्यात न्यायचंय," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, स्लॅब होऊ द्या," ठेकेदार म्हणाला. "आणि ही काय इथली नाय. गावी गेल्यावर दाखवेल."

"बाळंतपण गाव बघून येतं का हो?"

त्या तरातरा गेल्या आणि त्यांनी काँक्रीटचा मिक्सरच बंद केला. ठेकेदार शिव्या देत राहिला. बाईला रिक्षात बसवून त्या माझ्याकडे वळल्या.

"रोज हिचं नाव लिहिता. पाय नाही दिसले कधी?"

आई आणि बाळ दोघंही वाचली. ठेकेदारानं मात्र काम अडवल्याची तक्रार केली आणि सिस्टरांची बदली झाली. त्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून त्यानं माझी सही मागितली होती. मी ती केली.