अकराच बसतात

आतोबांच्या हातात दिलेला नकाशा पास झाला, असं उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कधी घडलं नाही. आतोबा म्हणजे आमच्या हिच्या आत्याचे यजमान. सरकारी कचेरीत नकाशे गिरवणारे ट्रेसर म्हणून उभी हयात गेली. आत्या लवकर वारल्या, मूलबाळ नाही. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी शेटच्या भाड्याच्या खोलीत ते राहायचे आणि त्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि बाकी सगळे दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे. लोक लग्नपत्रिका वाचतात तसे ते नकाशे वाचायचे, कुठे काय चुकलंय इकडेच सगळं लक्ष! शेट बिचारा एकदा हौसेनं नव्या दुकानाचा प्लॅन दाखवायला आला. आतोबांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "साईं, इसमें गिऱ्हाईक आएगा, लेकिन जाएगा किधर से?" शेट महिनाभर बोलला नाही, पण दार मोठं करून घेतलं.

ऐंशीच्या दशकात बदलापुरात शेतांचे प्लॉट पडायला लागले, तेव्हा आमच्या अंबरनाथच्या कारखान्यातल्या अकरा जणांनी मिळून बेलवलीच्या बाजूला भाताची जमीन घ्यायचं ठरवलं. बारावे आतोबा. जन्मभर दुसऱ्यांची घरं काढलेल्या माणसाला आता स्वतःच्या दोन खोल्या हव्या होत्या. पुढे ओटी, मागे शेवगा, बस्स. बारा प्लॉटांचा नकाशा तयार होऊन आला. "सह्या करा आणि मोकळे व्हा," असं आमच्या खात्यातले देसाई सांगत होते. पण माझी अक्कल चरायला गेली होती, मी तो आधी आतोबांना दाखवला.

झालं! पुढच्या रविवारी आतोबा चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन जमिनीवर हजर. माझ्या प्लॉटवर त्यांनी फक्कीनं आमचं अख्खं घर आखलं आणि भर उन्हात आम्हाला त्यात राहायला लावलं. "कुंदा, तू स्वयंपाकघरात जा, चहा टाक." हिनं निमूटपणे हवेत चहा टाकला. मी चार पावलं टाकली तर ओरडले, "अहो जावईबापू, भिंतीतून काय येताय? बाहेर जा आणि दारातून या!" गेलो बाहेर. चपला काढून दारातून आत आलो. हा तमाशा बघत बांधावर एक म्हातारी बसली होती, त्याच शेतात तिचा जन्म गेलेला. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

आतोबांनी तिला विचारलं, "आजी, या शेताला तुमच्यात काय म्हणतात?" हा त्यांचा नेहमीचा रिवाज. नकाशा तपासायच्या आधी शेताचं नाव विचारायचं.

"व्हाळाची पट्टी," ती म्हणाली. व्हाळ म्हणजे ओढा. "आखाडात या बघायला. तुमची बाई जिथं चाय करते ना, तिथं गुडघ्यावारी पानी आसतं."

नकाशावाला वैशाखात येऊन गेला होता. कोरड्या खोलगटीत त्यानं खुशाल चार प्लॉट बसवले होते. "नकाशात ओढा दाखवलेलाच नाही," मी म्हणालो.

"मंग? पानी काय कागद वाचून येतं?"

मीटिंगमध्ये देसाई भडकले. "एका म्हातारीच्या सांगण्यावरून नकाशा बदलायचा?" आतोबांनी वाद घातला नाही. रात्री जागून त्यांनी स्वतः नवा नकाशा काढून आणला होता, तो पसरला. मधून ओढ्याची वाट मोकळी, दोन्ही अंगांना प्लॉट. देसाईंनी बोट ठेवून मोजले. अकरा! मग एकाला बाहेर पडावं लागणार, कोणाला? सगळे पंख्याकडे बघायला लागले. मीही. एका खोलीत दोन मुलींना वाढवत होतो हो मी.

"अकराच बसतात," नकाशाची गुंडाळी करत आतोबा म्हणाले. "मी माझं नाव आधीच खोडलंय."

कोणी नको म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही.

घरं उभी राहिली. पहिल्याच आषाढात मधल्या पट्टीतून पाणी असं काही गडगडत गेलं की देसाई ओटीवर येऊन नुसते हात जोडून उभे राहिले. आमचे उंबरे कोरडे! आमच्या मुली त्या कोरड्या घरात शिकल्या, तिथूनच सासरी गेल्या. हे सगळं आतोबांचं देणं आहे. दर आषाढात ते छत्री घेऊन पाणी बघायला यायचे. कुंदा म्हणायची, "आता इथंच राहा." तर म्हणायचे, "नको गं. तुमच्या घराला नावं ठेवायला मला बाहेरून यावं लागतं."

ते गेले त्याच्या आदल्या आषाढात मी धीर करून बोललो. "आतोबा, त्या दिवशी मी गप्प बसलो. निदान एकदा तरी नको म्हणायला हवं होतं."

"बरं केलंत," ते म्हणाले. "तुम्ही एकदा जरी नको म्हणाला असतात ना, तर मी लगेच ऐकलं असतं."

आणि छत्री उघडून ते पाणी बघायला गेले.