सदतीस अंशांत तगलेलं यीस्ट

काकूंचं शिक्षण बारावीपर्यंत, पण प्रयोगशाळेत यीस्ट वाढवायच्या जेलीच्या प्लेटा ओताव्यात तर त्यांनीच. बावीस वर्षांत हात असा बसला होता, की कधी गुठळी नाही की बुडबुडा नाही. तिथली मोठमोठी माणसं "काकू, पन्नास प्लेटा" यापलीकडे बोलत नसत.

अपवाद एकच, पीएचडी करणारी एक मुलगी. ती काकूंना शेजारी बसवून सांगायची, "पेशीत प्रथिनं बनतात ना, तिथे कच्चा माल पोचवणारे हमाल म्हणजे टीआरएनए. त्यांच्या अंगावर बारीक रासायनिक खुणा असतात. त्यातल्या दोन मी काढून टाकल्यात. तीस अंशांना यीस्ट मजेत असतं. सदतीसला हमालच नाहीसे होतात, अन् यीस्ट मरतं."

एकदा सदतीस अंशांच्या प्लेटवर यीस्टचा एकच ठिपका उगवला. आधी दिसला काकूंना. "हा कसा काय तगला गं?"

"परत आले की दोघी मिळून शोधू," मुलगी म्हणाली. आईने अंथरूण धरलं होतं, म्हणून ती पंधरा दिवसांसाठी घरी निघाली होती.

त्या पंधरा दिवसांची नऊ वर्षं झाली. ठिपका फ्रीझरमध्ये जपून ठेवलेला होता, तरी काकू तो दर दोन महिन्यांनी नव्या प्लेटवर उतरवत. दार वाजलं की मान वर व्हायची. फोन करावासा वाटे. पण "कधी येतेस" विचारणं म्हणजे तिच्या आईचं मरण विचारल्यासारखं.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना नव्या सरांनी फ्रीझर रिकामा करायला काढला. काकू कधी नव्हे त्या त्यांच्या खोलीत गेल्या.

"सर, हा टाकू नका. एकदा तपासा."

सरांनी मुलीची जुनी वही वाचली आणि ठिपक्याचा डीएनए तपासायला पाठवला. महिन्याने उत्तर आलं. खुणा नसलेल्या हमालांना मोडीत काढणारं एक एन्झाइम पेशीत असतं. या ठिपक्यात नेमकं तेच बिघडलं होतं, म्हणून हमाल वाचले.

त्याच दुपारी काकूंनी फोन लावला. पलीकडे लहान मूल रडत होतं.

"अगंबाई, काकू! आई जाऊन तीन वर्षं झाली. मग हे बाळ... मला त्यातलं आता काही आठवतसुद्धा नाही हो."

काकू फोन ठेवायला निघाल्या. "राहू दे मग."

"नाही, थांबा. याला जरा खांद्यावर घेते. हं, सांगा. पहिल्यापासून सांगा."

पाऊण तास बोलणं चाललं. "एकदा येऊन बघेन," मुलगी शेवटी म्हणाली.

काकू निवृत्त झाल्या, तोवर ती आलेली नव्हती.