खाडीला दिलेला नारळ
आज भाट्याच्या वाळूत एक सोललेला नारळ पायाशी येऊन थांबला. त्याच्या शेंडीत अडकलेलं कुंकू पाहिलं आणि लग्नानंतरची स्कूटरवरची पहिली फेरी आठवली. मी घाटावरची, त्यामुळे सासूबाईंनी "खाडी ओलांडताना हा सोड गो," म्हणत नारळ हातात दिला तेव्हा नवलच वाटलं. भाट्याच्या पुलावरून सोडला, तर तो तरंगत निघाला. "अहो, हा जातो कुठे?" मी नवऱ्याला विचारलं. "खाडीला पोचतो," एवढंच ते म्हणाले. पुढे पावस गावापर्यंत आंब्याच्या कलमांच्या बागा, मोहोराचा वास, मधूनच दिसणारा समुद्र, पण माझं डोकं त्या नारळातच. परतताना मी हट्टाने किनाऱ्यावर उतरले. तिथे एक म्हातारी कुंकू लागलेला ओला नारळ दगडावर फोडत होती. "कुणाचा हो, मावशी?" मी विचारलं. "समुद्राने परत दिलान. आसल कुठल्या तरी नव्या नवरीचा." मग माझ्या हिरव्या चुड्याकडे बघत तिने खोबऱ्याचा मोठा तुकडा पुढे केला. आज हा नारळ उचलला खरा, पण फोडण्याआधी पुलाकडून येणारी वाट न्याहाळली. कुणी विचारत आलीच, तर तिचा वाटा ठेवायला हवा.