विहिरीच्या वाटणीची कुस्ती

नाशिकहून सकाळी सहाच्या बसने निघाले तेव्हा अंगावर नवी मोरपंखी साडी होती आणि पर्समध्ये चार वाक्यांचं भाषण. साडीवर येवल्यातच शेजारच्या काकांचा चहा सांडला. भाषणाचं काय झालं ते पुढे येईलच.

निमंत्रण माझ्या थोरल्या भावाने, प्रकाशदादाने पाठवलं होतं. पडेगावच्या आमच्या जुन्या गल्लीतल्या कुस्तीवेड्यांचा मेळावा, ठिकाण चिकलठाण्यातला एक हॉल. कुस्ती म्हणजे लाल मातीतली नव्हे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गल्लीत केबल आली आणि तिच्यावर दोरांच्या चौकोनात झुंजणारे अमेरिकेतले पैलवान आले, ती कुस्ती. दादाने मला मेळाव्याच्या व्हॉट्सॲप ग्रूपमध्येही घातलं होतं. तिथे कार्यक्रमपत्रिका होती आणि तिच्यात एक ओळ होती: 'मराठी कॉमेंटरीच्या आवाजाचा सत्कार'.

तो आवाज माझा होता. रंगीत टीव्ही फक्त दिलीपच्या घरी होता आणि त्यासमोर वीस-पंचवीस पोरं दाटीवाटीने बसत. इंग्रजी कुणालाच कळत नसे. आमचे वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून अकरा वर्षांच्या मला टीव्हीशेजारी उभं करून पोरं म्हणायची, सांग, काय म्हणतोय तो? आता त्या राक्षसांच्या आरडाओरड्यातलं मला तरी काय कळणार? पण कळत नाही म्हणायची लाज वाटली आणि मी ठोकून दिलं. एका जटावाल्याची आणि एका पिवळ्या चड्डीवाल्याची वर्षभर खुन्नस चालली होती. ते दोघे चुलतभाऊ आहेत आणि त्यांचा वाद विहिरीच्या वाटणीचा आहे, असं मी सांगितलं. त्या वर्षी दौलताबादजवळच्या आमच्या शेतात वडिलांचं आणि काकांचं पाण्याच्या पाळीवरून भांडण पेटलं होतं. घरात जे ऐकायचे ते मी अमेरिकेला पाठवून देत होते. पोरांनी शब्दन् शब्द खरा मानला.

वैजापूर मागे पडलं, कापसाची रानं संपली आणि डाव्या हाताला लांब दौलताबादचा किल्ला दिसू लागला. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. कार्यक्रमाला वेळ होता, म्हणून मी पडेगावलाच उतरले.

आमची गल्ली ओळखू येईना. दिलीपच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आणि खाली कॅमेरे-स्पीकर दुरुस्तीचं दुकान. साडीवरचा डाग झाकत मी दुकानदाराला विचारलं, "अहो, इथं पूर्वी दिलीपचं घर होतं ना?" पाठमोरा बसलेला माणूस वळला नाही. तसाच बसून म्हणाला, "फिरसे बोलो जरा."

मी पुन्हा विचारलं. मग तो वळला. पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. "शुभाताई! आवाज वोइच है."

तो रफिक होता, मागच्या गल्लीतला. दिलीपच्या गच्चीवर केबलचा जोड सैल होता. तो कुणीतरी चिमटीत धरून बसलं तरच खाली चित्र दिसे. दर रविवारी ते काम रफिककडे. कुस्ती संपेपर्यंत तो उन्हात वायर धरून बसे. खोलीत जागा नसते, असं पोरं सांगत. खरं तर त्याला खाली बोलवायचं कुणाच्या मनातच येत नसे, माझ्याही नाही.

"मेरेको कुस्ती दिखीच नई कभी," तो हसत म्हणाला. "खिडकीमेंसे तुम्हारा आवाज आता था, बस. आज मैंइच लगा रहा हूं हॉलमें माइक. चलो, टेम्पोमें बैठो."

स्पीकर भरलेल्या टेम्पोतून आम्ही जालना रोडने निघालो. शहर इतकं वाढलंय की चिकलठाण्याला पोचेपर्यंत तासाभराची निश्चिंती. रफिक मला वाटेत जटावाल्याचं बोलणं पाठ म्हणून दाखवत होता: "माझ्या आज्याने पहार लावली तिथं, पाणी माझं." ते मीच लिहिलेलं, म्हणजे बोललेलं. इतक्या वर्षांनी ऐकून मला हुरूप आला. मनातल्या मनात मी भाषणाला पाचवं वाक्य जोडलं.

हॉलमध्ये चाळीसेक पुरुष होते, सगळे पन्नाशीच्या आसपास, पोटं सुटलेली, काहींच्या अंगात पैलवानांची चित्रं छापलेले बनियन. दारातच दोघं हमरीतुमरीवर आले होते.

"विहीर पिवळ्याला मिळाली व्हती!"

"नाय, निम्मी निम्मी झाली. पंच बसले व्हते ना!"

पन्नाशीचे बाप्ये माझ्या विहिरीवरून भांडत होते. मला हसू आवरेना. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. दादा स्टेजजवळ नव्या झब्ब्यात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहून हात हलवला आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दिलीपने माइक घेतला. "मंडळी, ज्या आवाजानं आपलं लहानपण सोन्याचं केलं..."

मी पदर सारखा केला आणि अर्धी उठले.

"...त्या आपल्या प्रकाशरावांना विनंती, त्यांनी स्टेजवर यावं!"

टाळ्यांचा कडकडाट. मी तशीच, ना उभी ना बसलेली. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, बसा ना खाली, दिसंना झालंय."

बसले. माझ्या सख्ख्या भावाने माझ्या डोळ्यांदेखत शाल घेतली, नारळ घेतला आणि भाषण केलं. "इंग्रजी मला पहिल्यापासून सोपं जायचं," असंही म्हणाला. दहावीला दोनदा इंग्रजीत आपटलेला माणूस! वडिलांनी छडी मोडली होती ह्याच्यापायी. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी उठले, स्टेजच्या तीन पायऱ्या चढले आणि दिलीपच्या हातातून माइक घेतला.

"नमस्कार. मी प्रकाशची बहीण शुभांगी. कॉमेंटरी मी करत होते. दोन वर्षं. तेरा पूर्ण झाल्यावर आईने मला पोरांत बसायला बंदी केली. नंतरचे चार महिने दादाने माझंच घोटून घोटून सांगितलं."

कुणीतरी फिसकन हसलं. दिलीप म्हणाला, "शुभाताई, तुम्ही व्हता की! तुम्ही तर चहा आणायच्या आमच्यासाठी."

"चहा तुझी आई करायची आणि तूच आणायचास. आणि ती विहीर अमेरिकेत नव्हती. आमच्या दौलताबादच्या शेतातली होती. भाऊबंदकी आमच्या घरातली होती. मी सगळं रचलं होतं."

आता हसू थांबलं. दारात भांडणाऱ्यांपैकी एक जण उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "म्हंजी विहीर नव्हतीच? बाई, आमच्या लहानपणाला खोटं म्हणायला आला का तुम्ही?"

म्हणजे बघा. माझ्या भावाने माझं श्रेय ढापलं ह्याचा कुणाला राग नाही. विहीर नव्हती ह्याचा राग!

तेवढ्यात हॉलच्या टोकाला स्पीकरमागून रफिक उठला. "आवाज इनकाच था," तो म्हणाला. त्याच्याजवळ माइक नव्हता, तरी ऐकू गेलं. "तुम लोगां टीवी देखते थे. मैं सिर्फ आवाज सुनता था. लड़कीका आवाज था. मेरेको पक्का मालूम."

आता कुणीतरी काहीतरी म्हणेल असं मला वाटलं. दिलीपने हलकेच माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हणाला, "जाऊ द्या हो ताई. बहीण काय नि भाऊ काय, सत्कार घरातच राहिला ना! चला मंडळी, जेवण तयार हाय."

आणि मंडळी जेवायला उठली.

जेवायला नानखलिया होता (मटणाचा हळदीचा तर्रीदार रस्सा आणि सोबत मऊ पिवळसर नान, ह्या शहरात आलात तर चुकवू नका). अन्नावर राग काढायचा नाही हे आईने शिकवलंय. मी दोन नान खाल्ले आणि प्रत्येक घास रागाने चावला. रस्सा उत्तम होता हे प्रामाणिकपणे नोंदवते.

दादा बाहेर पार्किंगमध्ये गाठला. शाल घडी करून काखेत मारली होती.

"शुभे, चारचौघांत असं करत्यात का?"

"तू काय केलंस चारचौघांत?"

तो चपलेने खडी उकरू लागला. "कंपनी बंद पडल्यापासून मला कोणी इचारत नव्हतं. तू यायच्या आधी ह्या ग्रूपवर पोरांनी इचारलं, कॉमेंटरी तूच करायचा ना रं पक्या? मी नाय म्हणलो नाय. येवढंच."

"एवढंच?"

"तुझं काय बिघडलं? तुला नोकरी हाय, पोरगी शिकली, घर हाय. माझ्याकडं लोकांना सांगाया दुसरं काय हाय?"

मला त्याची दया आली. खोटं कशाला बोलू. आणि दया आली म्हणून राग दुप्पट झाला, कारण दया आली की बायकांनी गप्प बसायचं असतं आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मागितलं असतंस तर मीच दिलं असतं, दादा. पण मग मला बोलावलंस कशाला?"

त्याने शाल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाला, "माझ्याकडनं टाळ्या वाजवाया कोणीतरी पायजे व्हतं. अन् मला वाटलं, तू काय बोलायची नाय."

मी रिक्षा थांबवली.

"कुटं जायाचं मावशी?"

"बसस्टँड. आणि मावशी कुणाला म्हणतोस?"

तो बिचारा सबंध जालना रोडभर एक शब्द बोलला नाही. त्याच्यावर ओरडायचं कारण नव्हतं. पण रागाला योग्य दार सापडलं नाही की तो जवळच्या दारावर धक्के मारतो.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. शहर सरलं, ऊन कलंडलं आणि फोन वाजू लागला. ग्रूपवर फोटो येत होते: दादा शाल घेताना, दादा नारळ घेताना, दादा माइकपुढे. माझा एकही नव्हता. खाली अंगठे, फुलं, 'आवाजाचा बादशहा'. बस वैजापूरच्या स्टँडवर थांबली तेव्हा दादाचा संदेश आला: 'कॉमेंटरी माझी नव्हती. आमच्या शुभाची होती. माफ करा.'

मी तीनदा वाचला. डोळे भरले. मनात म्हटलं, लबाड असला तरी भाऊ आहे माझा. त्याला फोन लावणार तेवढ्यात ती ओळ गेली आणि तिथे उरलं, 'हा संदेश हटवला आहे.' खाली दिलीपने विचारलं, 'काय रे पक्या, काय लिहिलं व्हतं?' दादाने उत्तर दिलं, 'काय नाय, चुकून पडलं.'

प्रवासाने माणूस मोठ्या मनाचा होतो, असं लोक लिहितात. माझ्या बाबतीत नाही झालं. बस येवल्याकडे निघाली आणि मी हिसक्यांत, चुका सुधारत ग्रूपवर टाइप केलं: 'हटवलेला संदेश मी वाचला आहे. त्यात लिहिलं होतं की कॉमेंटरी शुभाची होती. ते चुकून पडलेलं नव्हतं, खरं होतं. शुभा म्हणजे मी.'

कुणी वाचलं ते उघडून बघत राहिले, निळ्या खुणांखाली एकामागून एक नावं उमटत गेली. नाशिक येईपर्यंत सगळ्यांनी वाचलं होतं. कुणीच काही लिहिलं नाही. मी ग्रूप सोडलेला नाही. काढायचं असेल तर त्यांनी मला काढावं, म्हणजे निदान शुभांगी नावाची एक बाई तिथे होती, एवढं तरी त्यांच्या फोनवर नोंदवलं जाईल.