पडल्या पडल्या चिचगडला

अर्धं आयुष्य मी गोंदियाच्या राईस मिलमध्ये माल तपासायचं काम केलं. हातात परखी, म्हणजे पोत्यात खुपसून दाणे काढायची लोखंडी नळी. पोत्याच्या तोंडाशी असतो तो दाखवायचा माल, खरा माल मधे, हे या कामानं शिकवलं. पुढे मी माणसांकडेही तसंच पाहू लागलो. स्वभावाला औषध नाही.

दोन हजार सातच्या सुमारास बायको चिचगडला माहेरी गेली. सासूबाईंचा पाय मोडला होता. आठ दिवस म्हणून गेली, ती महिना होत आला तरी आली नाही. तिकडे मोबाइल लागत नसे. तिथल्या किराणा दुकानातल्या फोनवर निरोप ठेवला की मेहुणा फोनवर यायचा आणि दरवेळी तेच सांगायचा, "ताई मोहफुलं येचाले गेली." सकाळीही मोहफुलं, संध्याकाळीही मोहफुलं. मोह पहाटे वेचतात एवढं मलाही माहीत होतं. ती आता परत येणार नाही, अशी भीती मला बसली.

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहत. सायबर कॅफेतून कागद छापून आणून ते शरीराबाहेर जायचा अभ्यास करत. घरबसल्या जवळच्या नागरा गावच्या देवळाला चक्कर मारून येतो म्हणत. मी विचारलं, देवळाबाहेर आज कोण कोण बसलं होतं?

"पोलिसासारखा काऊन विचारून राहिला?" ते म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही, तरी चिचगडला डोकावता येईल म्हणून शिकायला गेलो. आमचं घर बौद्ध. आत्मा वगैरे काही नसतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. मग बाहेर जाणार कोण, हा प्रश्न मी गिळला. गरजवंताला अक्कल नसते.

दर रविवारी दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत उताणा पडायचो. "पायाची बोटं ढिली सोड. मंग पोटऱ्या. जबडा काऊन आवळला? श्वासावर ध्यान ठेव. अंग थरथरलं त भेऊ नोको." अंग जरा सैल झालं की मला खुंटीवरचा शर्ट आठवायचा. खिशात गोदामाची किल्ली होती. म्हातारा खिसे तर चाचपत नाही ना? एक डोळा किलकिला करून पाहायचो. गुरुजी खुर्चीत पेंगत असायचे. मला तेही ढोंग वाटायचं.

चौथ्या रविवारी मात्र अंग जड झालं, कानात घरघर सुरू झाली आणि सासुरवाडीचं अंगण दिसलं. बायको हसत होती. तिच्यासमोर निळ्या शर्टातला कोणीतरी पाठमोरा बसला होता. मी ताडकन उठलो.

"तू शांत राह्यलाच नाही," गुरुजी म्हणाले. "संशय घेऊन गेला त संशयच दिसन."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गाडीला किक मारली, ती देवरीमार्गे थेट चिचगड. अंगणात मोहफुलं वाळत होती. बायको सासूबाईंना काखेत धरून खाटेवर बसवत होती. ती स्वतः वाळली होती. आईला एकटं सोडून दुकानापर्यंत जायला तिला जमत नव्हतं, आणि मेहुणा तोंडाला येईल ते सांगून मोकळा होत होता.

सगळं डोळ्यांसमोर असूनही मी विचारलं, "निळ्या शर्टवाला कोण?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. ती हसेल असं वाटलं होतं.

"आपल्यात आत्मा मानत नाही, न् तुमी माह्या मांगं आत्मा सोडला," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "गाडी होती ना दारात? दोन महिने मी रस्त्याकडं पाहून राहिली होती. मी का पोतं आहो, परखी मारून पाहाले?"

मला भयंकर लाज वाटली. परखी काढल्यावर पोत्याला पडलेलं भोक टोकानं घासून बुजवतात. माझ्या हाताला तेवढंच येत होतं. मी दोन दिवस राहिलो, पाणी भरलं, सासूबाईंना उचललं. ती कामापुरतं बोलली.

पावसाळ्याच्या तोंडावर ती परतली, एसटीनं, न कळवता. अजूनही रविवारी दुपारी मी डोळे मिटून पडलो की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "कुठी जाऊन राहिले?"

"कुठंच नाही," मी सांगतो.

ती दारापर्यंत येऊन पाहून जाते.