बारा हात इंपाला

आश्रुबा फोटोवाल्याच्या घराला दार एकच होतं, आणि त्या दारासमोर भिंतीला टेकून बारा हात लांबीची अमेरिकन मोटार उभी असायची. घरात जायचं तर मोटारीच्या पुढच्या चाकापाशी अंग चोरून शिरावं लागे. त्याची बायको बायनाबाई डोक्यावरची घागर सावरत रोज तशी शिरे आणि रोज म्हणे, "लोकं मोटारीतून घरी येतेत. आमी मोटारीला वळसा घालून येतो."

मोटार नुसती दर्शनी होती. खोक्यांच्या फळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून ठोकलेला मांजरपाट, मांजरपाटावर सरस आणि खडूचे हात, आणि त्यावर रंग. नाटकाच्या कंपनीत राजवाडा उभा करतात तशीच ती उभी केली होती. आश्रुबा ही कारागिरी शिकला कंपनीतच. समोर बसलेल्या माणसाला चांदण्यातला महाल दिसायचा आणि विंगेत उभ्या असलेल्याला चिंध्या आणि खिळे. पुढं कंपनी मोडली, पडदे कुजले, नट आपापल्या गावी गेले. आश्रुबानं एक पेटी-कॅमेरा मिळवला आणि तो जत्राजत्रांतून फोटो काढू लागला.

फोटोवाले तेव्हा पुष्कळ. प्रत्येकाकडं पुठ्ठ्याची मोटार नाहीतर विमान असायचंच, पण हातभर, वाकडं, खिडकीतून डोकं काढलं की माणूस मोटारीपेक्षा मोठा. आश्रुबाची मोटार खऱ्या मापाची होती. कारण त्यानं खरी पाहिली होती.

ती पाहिली मांजरसुंब्याला. तो तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला, धाब्यावर पाणी भरायचा. हैदराबादच्या कुणा नवाबाची इंपाला गाडी औरंगाबादेकडं चालली होती. रस्त्यातल्या दगडानं तिचा चेंबर फुटला, तेल सांडलं आणि गाडी धाब्यासमोर उभी राहिली. नवाबसाहेब दुसऱ्या वाहनानं पुढं गेले. ड्रायव्हर ट्रकमध्ये बसून नवा चेंबर आणायला हैदराबादला निघाला आणि आश्रुबाला बजावून गेला, "हात मत लगाना. बस देखते रहना."

आश्रुबा आठवडाभर देखते राहिला.

वरचं अंग दुधावरच्या सायीच्या रंगाचं, खालचं मोरपंखी. पुढच्या दिव्यापासून निघालेली चकचकीत पट्टी एखाद्या गवयानं दम न मोडता तान न्यावी तशी थेट मागपर्यंत गेलेली. काळ्या टायरांवर पांढरं कडं. आणि मागं, जिथं बाकीच्या गाड्या संपतात, तिथं हिला जणू रंगात येऊन आणखी काही सांगायचं होतं. तिचं अंग रुंदावत गेलं होतं आणि दोन्ही बाजूंना पंख पसरले होते, नुकत्याच उतरलेल्या घारीचे मिटायचे राहून गेलेले पंख असावेत तसे. त्या पंखांखाली दोन लांबट लाल दिवे, मांजरानं डोळे किलकिले करावेत असे.

आश्रुबानं तोवर पाहिलेली प्रत्येक वस्तू कामाची होती. बैलगाडी ओझ्यासाठी, मोट पाण्यासाठी, एसटी तर चाकांवर ठेवलेलं खोकंच. या पंखांचं काय काम, ते त्याला सात दिवसांत सापडलं नाही. ड्रायव्हर परतला तेव्हा त्यानं विचारलं, "चाचा, ये पंखां कायकू?"

"शान के वास्ते, और कायकू," ड्रायव्हर म्हणाला. चेंबर बसवला आणि इंपाला धूळ उडवत गेली.

त्याला पुन्हा कधी ती पाहायला मिळाली नाही म्हणून त्यानं ती बांधली. मापं हातानं घेतलेली नव्हती, हात लावायची मनाई होती; पण धाब्याच्या खांबांशी नजरेनं ताडून ठेवलेली होती. मधे जोड दिला असता तर ने-आण सोपी झाली असती. त्यानं दिला नाही. त्या पट्टीत खंड पडला असता.

बायनाबाईनं त्याला एकदा विचारलं होतं, "फोटू तर काळा-पांढरा येतो. मग मोरपंखी रंग कावून लावलाव?"

"बसणाराला दिसतो की."

"बसणारा मागून बसतो. त्याला खिळे दिसतेत."

खरं होतं ते. तो रंग दिसायचा एकट्या आश्रुबाला. काळं फडकं डोक्यावर घेऊन तो कॅमेऱ्याच्या काचेत बघायचा, तेव्हा इंपाला तिथं रंगीत दिसे, पण उलटी. चाकं आभाळाला, माणसं खाली लोंबकळलेली. तो तशीच बघत राहायचा. गिऱ्हाईक ओरडायचं, "आरं काढ की आता, मान आखडली."

मेहुण्यानं त्याला पुण्याच्या एका स्टुडिओत बोलावलं होतं. पक्कं काम होतं, डोक्यावर छप्पर होतं. पण पुण्यात बारा हात मोटार ठेवायची कुठं? आश्रुबा गेला नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं, तो पुन्हा गेला नाही. मग बोलावणं येणंच थांबलं. पुढं एकदा वडवणीच्या बाजारात भेळीच्या पुडीला आलेल्या इंग्रजी मासिकाच्या पानावर त्याला नव्या अमेरिकन गाड्या दिसल्या. पंख नव्हते. सगळ्या चापूनचोपून बसवलेल्या, सपाट. तिकडच्या लोकांनीच नाद सोडला होता, आणि वडवणीजवळच्या एका गावात एक माणूस तो नाद दाराशी उभा करून बसला होता. मोटार जत्रांपलीकडं कुठं जात नव्हती, आणि तिच्यापायी तोही.

मग बहात्तर साल उजाडलं. आधीचं वर्षही कोरडंच गेलेलं. विहिरींचे तळ उघडे पडले, जत्रा झाल्या नाहीत. गाव खडी फोडायला गेलं. सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर गुरांची छावणी उघडली. लांबून उसाचं वाढं यायचं आणि गुरं ते खाऊन जगायची. छावणीला नियम एकच होता: ज्याच्याकडं मोटार, त्याची गुरं घ्यायची नाहीत. मोटार म्हणजे विहिरीवरची, पाणी उपसायची. जिच्यामुळं बांधावर चार हिरव्या काड्या राहतात ती. सगळ्यांना हे कळत होतं. पण नियमात नुसतं 'मोटार' असं लिहिलं होतं.

गावात दगडाबाई नावाची बाई होती. शेरडं विकून संपली होती, दोन बैल आणि एक गाय उरली होती. नवरा सटवा खडीवर. जत्रेत दोघांनी आश्रुबाच्या मोटारीत बसून फोटो काढला होता; सटवाचा हात स्टेरिंगवर, दगडाबाईचा पदर दातांत. तो फोटो तिनं दर्शनी भिंतीवर लावला होता. तसाच फोटो आप्पारावांच्या ओसरीवर होता. आप्पाराव म्हणजे गावचे मोठे शेतकरी आणि सोसायटीचे पंच. येईल-जाईल त्याला ते मोटारीतला फोटो दाखवायचे आणि मोटार कुणाची हे सांगायचे नाहीत. एक दिवस कामानिमित्त दगडाबाईच्या दारात गेले आणि त्यांना भिंतीवर तीच मोटार दिसली, आत सटवा बसलेला.

चार दिवसांत अर्ज गेला. दगडाबाईकडं मोटार आहे. सोबत पुरावा म्हणून तिच्या भिंतीवरचा फोटो. तो आप्पारावांच्या गड्यानं 'साहेबांला दाखवायचाय' म्हणून नेला होता.

सोसायटीचे सेक्रेटरी सुंदरराव हे भित्रे, सज्जन गृहस्थ होते. त्यांनी दगडाबाईला बोलावलं, आश्रुबाला बोलावलं. आप्पाराव खुर्चीवर होतेच. दारात माणसं जमली.

"हे बघा बाई," सुंदरराव म्हणाले, "मला दिसतंय हो सगळं. पण नियमात मोटार एवढंच हाय. कोणची, ते न्हाई. उद्या वरनं तपासणी आली तर मी काय सांगू?"

"सायब, माझ्याकडं हीर न्हाई, मोटार कुठून आन्ली?" दगडाबाई म्हणाली.

"फोटोत तर हाय."

आश्रुबा पुढं झाला. "सायब, ती मांजरपाटाची हाय. मी तिचा मागून फोटू काढून देतो. फळ्या, खिळे, सगळं दिसंल."

"फोटोवाले, फोटोनंच तर हा घोळ झालाय. आता फोटोवर भरोसा कुणी ठेवावा?"

आप्पाराव हसले. "आश्रुबा, तुझी मोटार लई लोकांला बाधंल असं दिसतंय बे."

दगडाबाईनं पदर खोचला. आवाज चढवला नाही. "मग आप्पाराव, तुमची बी जनावरं छावणीत हायत न्हवं? तुमच्याकडं तर दोन मोटारी हायत. एक हिरीवर, एक भितीवर."

दारातली माणसं हसली. एकानं दुसऱ्याच्या पाठीत थाप मारली. सुंदररावांनी कागदात तोंड घातलं. आप्पारावांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, पडदा पाडायला माणूस विसरला की नटाचं राहतं तसं.

जरा वेळानं ते म्हणाले, "मोटारच गावात नको. आणून सोसायटीत जमा करा. मग म्हणावं कुणाकडंच मोटार न्हाई. अर्ज मिटला."

सुंदररावांची मान वर आली. त्यांना वाट सापडली होती. "फोटोवाले, हे बरं हाय बघा. मोटार जमा झाली की बाईची जनावरं आजच आत घेतो. न्हाई तर मला ती घेता यायची न्हाईत."

"आन् मोटार परत कवा मिळंल?"

"चौकशी संपली की."

"चौकशी कवा संपंल?"

सुंदररावांनी टेबलावरचे कागद सारखे केले. आश्रुबानं दगडाबाईकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. मागितलं असतं तर त्याला नाही म्हणता आलं असतं; तिनं मागितलंच नाही. ती बाहेर बांधलेल्या गाईकडं बघत होती. गाय आपल्याच दाव्याचं टोक चघळत उभी होती.

"बैलं जुपा अक्का," आश्रुबा म्हणाला. "मोटार आणू."

बैलगाडीवर मोटार उभी करून, दोरांनी आवळून निघाले. दोन्ही बाजूंनी ती गाडीच्या बाहेर आली होती. निघताना बायनाबाई बाहेर आली आणि तिनं पंखांवरची धूळ पदरानं पुसली. "लोकं बघतील," एवढंच म्हणाली. आणि लोकांनी बघितलंच. खडीवरच्या बायांनी हातोडे खाली ठेवले. भर उन्हात मोरपंखी इंपाला रस्त्यानं चालली होती, पुढं बरगड्या निघालेले दोन बैल, बाजूनं चालणारा आश्रुबा. जत्रेला ती आडवी, गोणपाटात गुंडाळून जायची; तिला रस्त्यावर उभी, सुलटी, जाताना तो पहिल्यांदाच बघत होता. एक बाई म्हणाली, "आश्रुभाऊ, बसा की आत." सगळ्या हसल्या, तोही हसला. बसायला जागा होती कुठं? आत कुठं होतंच?

सोसायटीच्या गोदामाचं दार अरुंद निघालं आणि आतली वाट दारातच वळत होती. मोटार पुढच्या चाकापर्यंत आत गेली आणि अडकली. पुढं जाईना, मागं येईना. गडी घामाघूम झाले.

"हे मागचे पंख कापा," आप्पाराव म्हणाले. "तेवढं गेलं की बसतीय. न्हाई तर त्यांचा काय उपयोग हाय?"

गड्यानं करवत आणली. आश्रुबानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"पंखांला हात लावू नका. कापायचंच तर मी कापतो."

त्यानं मोटारीच्या मधोमध, दरवाजाच्या मागच्या रेघेवर बोट फिरवलं. खऱ्या गाडीला तिथं फट होती. त्यानं बांधताना ती फट रंगानंच दाखवली होती. आता तिच्यावर करवत ठेवली. आधी मांजरपाट टरकला, मग फळी बोलू लागली. चकचकीत पट्टीपाशी आल्यावर तो थांबला, घाम पुसला आणि हात सरळ ठेवून पुढं गेला. दगडाबाईनं दुसरी बाजू धरून ठेवली होती, म्हणजे पडताना पंख मुडपू नयेत.

दोन तुकडे आत गेले. खताच्या पोत्यांमागं, भिंतीकडं तोंड करून त्यांना उभं केलं. बाहेरून फक्त फळ्या आणि खिळे दिसत होते. सुंदररावांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि अपराध्यासारखं म्हणाले, "जपून ठेवतो हो."

"चौकशीला किती दिस लागतेत सायब, अंदाजानं?"

"आता वर पाठवायचं. वरचे काय म्हणतेत बघायचं."

आश्रुबानं मान हलवली. दगडाबाई गुरं घेऊन छावणीकडं निघाली होती. तो तिच्यामागं गेला, कारण घराकडं जायला पाय घेत नव्हते. छावणीच्या रखवालदारानं जनावरांच्या गळ्यात बिल्ले बांधले आणि वाढ्याची पेंढी सोडली. बैलांनी लगेच तोंड घातलं. गाय आधी नुसती हुंगत राहिली, मग तिनं एक पान ओढलं.

"घरी जा भाऊ," दगडाबाई म्हणाली. "ऊन लई हाय."

"जातो," आश्रुबा म्हणाला, आणि कुडाला टेकून गाईचं खाणं बघत उभा राहिला. बघण्यासारखं दुसरं काही त्याच्याकडं उरलं नव्हतं.